चकमध्ये मावेल ते इंजिन

माझ्या वर्कशॉपच्या पायरीशी चप्पल काढून आत येणारा नवा माणूस बहुधा रेल्वेचं इंजिन करायचं ठरवूनच आलेला असतो. खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढतो आणि बाकावर ठेवतो. ते त्याचं पहिलं इंजिन असतं. पितळेचं, मुठीत मावणारं, डुलत्या सिलिंडरचं. फुंकर घातली तरी फिरतं. मी ते दोनदा फिरवून बघतो, बरं झालंय म्हणतो, आणि मग खरा विषय निघतो. "आता मोठं काहीतरी सांगा, सर." मी तोंड उघडायच्या आत तोच सांगून टाकतो, "मिरजेच्या छोट्या गाडीचं केलं तर?"

हे पुस्तक म्हणजे त्या प्रश्नाला दिलेलं लांबलचक उत्तर आहे. उत्तर 'एवढ्यात नको' असं आहे. पण हौशी माणसाला नुसतं नको म्हटलं की तो घरी जाऊन तेच करतो, हे मी स्वतःवरून ओळखतो. म्हणून हिशेबासकट सांगितलेलं बरं.

मोह होण्यासारखीच ती गाडी होती. बार्शी लाईट रेल्वे 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत धावू लागली आणि पुढे पंढरपूरवरून वाढत वाढत 1927 मध्ये मिरजेला येऊन टेकली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने ती आखली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, आणि कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्याचा हट्ट. लीड्सच्या किटसन कंपनीने त्या हट्टाबरहुकूम इंजिनं बांधली : चार आस एकमेकांना जोडलेले, मागे दोन लहान. सत्तरच्या दशकात पुण्याकडून ब्रॉडगेज आली आणि पुढे बरीच वर्षं मिरज जंक्शनात तिन्ही गेज एकमेकांशेजारी नांदले. ज्यानं लहानपणी ते पाहिलंय त्याला दुसरं काही करावंसं वाटणारच नाही.

त्यातून आकडेही भुरळ घालणारे जुळतात. छोट्या गाडीचं गेज 762 मिलिमीटर. जगभरचे हौशी लोक माणूस ओढू शकणाऱ्या मॉडेलसाठी पाच इंची रूळ वापरतात, म्हणजे 127 मिलिमीटर. 762 ला 127 ने भागा : बरोबर सहा. ना अपूर्णांक, ना तडजोड. मूळ नकाशातलं प्रत्येक माप सहाने भागायचं की झालं. हा भागाकार ज्या रात्री मला सुचला त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी दुसरा हिशेब मांडला. सहा आस, प्रत्येकी पाच टन, म्हणजे इंजिन जास्तीत जास्त 30 टनांचं. लांबी सहाने घटली तर वजन सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे 216 ने घटतं. 30 हजार किलोंचे राहतात 139. एवढं धूड खोलीतून अंगणात न्यायला पालखीसारखे चार भोई लागतील. बॉयलरमध्ये दोन-तीन डझन नळ्या, फायरबॉक्सला स्टेची रांगच्या रांग, आणि सगळं जोडीनं : सिलिंडर दोन, चाकं आठ आणि वर आणखी चार. एक भाग बिघडला तर तो परत करायचा आणि त्याच्या जोडीदाराशी जुळवायचा. एवढं करून रूळ टाकायला जागा कुठं आहे, हा प्रश्न घरातली माणसं विचारतात. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मी हा उपदेश कोणत्या तोंडानं करतोय तेही सांगून टाकतो. पहिलं छोटं इंजिन झाल्यावर मी 'टिच' धरलं. एलबीएससी या नावाने इंग्लंडात लिहिणाऱ्या कर्ली लॉरेन्सने नवशिक्यांसाठी आखलेलं हे साडेतीन इंची गेजचं टँक इंजिन, नावाप्रमाणेच टीचभर. नवशिक्यांसाठी म्हणजे लेथवर आधीच चांगला हात बसलेल्या इंग्रज नवशिक्यांसाठी, हे मला उशिरा कळलं. फ्रेम झाल्या, चार चाकं झाली, एक सिलिंडर झालं. दुसऱ्या सिलिंडरच्या पोर्ट कापताना ड्रिल भरकटलं आणि कास्टिंग वाया गेलं. त्यानंतर अकरा वर्षं ते सगळं साखरेच्या पोत्यात गुंडाळून खाटेखाली पडून होतं. कुणी विचारलं की मी 'चालू आहे' म्हणायचो.

तर मग मोठं म्हणजे काय करावं? माझं मत सरळ आहे : जमिनीला खिळलेलं, एकाच सिलिंडरचं, आडवं, स्लाइड व्हॉल्व्हचं इंजिन. बोअर 25, स्ट्रोक 50. सुटं, बॉयलर मागाहून.

हे माप मी आकाशातून पाडलेलं नाही. इंग्लंडातल्या स्टुअर्ट टर्नर कंपनीचं 'व्हिक्टोरिया' नावाचं आडवं इंजिन याच घडणीचं आहे : एक इंच बोअर, दोन इंच स्ट्रोक, सात इंची फ्लायव्हील. त्याच कंपनीचं '10 व्ही' हे उभं इंजिन त्याहून कितीतरी जास्त लोकांनी केलं असेल. त्याचं बोअर आणि स्ट्रोक दोन्ही पाऊण इंच. बाकावर शेजारी ठेवली तर मोठं इंजिन धाकट्याच्या दुप्पट वाटतं. पण वाफ मोजा. धाकटं एका स्ट्रोकला साडेपाच घनसेंटीमीटरच्या आसपास वाफ घेतं, थोरलं साडेचोवीस. साडेचार पट! मोठं इंजिन निवडताना लोक इथेच फसतात. डोळ्यांना लांबी दिसते, बॉयलरला घनफळ भरावं लागतं.

पुढचं गणितही पाहून घ्या. तीन किलो दाबाला, मिनिटाला तीनशे फेऱ्या घेत हे इंजिन चाललं तर गळती आणि सिलिंडरात थंड होणारी वाफ धरून मिनिटाला अंदाजे 40 ग्रॅम पाणी लागेल. तासाला अडीच लिटर. त्यातून हाती येईल वीसेक वॅटची ताकद. सायकलचा डायनॅमो फिरवून दिवा लावायला ती पुरून उरते. पाहुण्यांना दाखवायला दिव्यासारखं दुसरं काही नाही. इंजिनाची कार्यक्षमता त्यांना कळत नाही. दिवा लागला हे कळतं.

उभं की आडवं, यावर वर्कशॉपात वाद होतात. उभं इंजिन जागा कमी खातं आणि दिसायला ऐटबाज असतं, पण त्याच्या खांबावर सिलिंडर बसवताना बोअर तळाशी काटकोनात आहे की नाही हे नवशिक्याला मोजता येत नाही. तिथेच क्रॉसहेड आवळतं. आडव्यात सगळं डोळ्यासमोर पसरलेलं असतं. बेडसाठी कास्टिंग नको. 12 मिलिमीटरची एमएस प्लेट घ्या आणि जवळच्या जॉब शॉपमधल्या शेपरवर एक हात मारून आणा. बीम इंजिन मात्र या टप्प्यावर नको. त्याची झुलती तुळई पाहून माणूस वेडा होतो खरा, पण पॅरलल मोशनमध्ये पिना किती! प्रत्येक पिनेत थोडं थोडं ढिलं राहिलं की इंजिन धावण्याऐवजी खडखडतं.

आता आपल्या मुलखाबद्दल. साताऱ्या-सांगलीच्या हौशी माणसाला जी गोष्ट घराशेजारी मिळते तिच्यासाठी इतर ठिकाणचे लोक कस्टम भरून पार्सल मागवतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये बेळगाव सोडून औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना उभा केला आणि लोखंडी नांगर ओतायला घेतले. सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिनं होऊ लागली. तिकडे कोल्हापुरात उद्यमनगर आणि शिरोली, इकडे माधवनगर, कुपवाड, पलूस. नाव घ्याल तिथे कुणाचा तरी मामा टर्नर आणि कुणाचा तरी मेहुणा मोल्डर. शेतकऱ्याला उपयोगी पडेल आणि आपल्या भट्टीत ओतता येईल असा माल निवडणं, ही लक्ष्मणरावांची निवड होती. हौशी माणसानंही तेवढंच करावं. आपल्या हाताला झेपेल आणि आपल्या गावच्या भट्टीत ओतता येईल ते निवडावं.

फाउंड्रीत जायचं कसं, याचीही एक रीत आहे. जिथे दिवसाला टनांनी बीड ओततात तिथे दोन किलोच्या सिलिंडरसाठी कुणी साचा घालत बसणार नाही. पॅटर्न सागवानाचा, गुळगुळीत, दोन्ही अंगांना उतार दिलेला करून न्या. बीड थंड होताना शंभराला एक या प्रमाणात आकसतं, ते धरून पॅटर्न मोठा करा. शिवाय तो एवढा लहान ठेवा की मोल्डरला स्वतःच्या नेहमीच्या साच्यात कोपऱ्यात दडपता येईल. संध्याकाळच्या शेवटच्या ओतीच्या आधी जा. चहा तुम्ही सांगा.

आलेल्या कास्टिंगला लगेच लेथवर चढवू नका. माझं पहिलं सिलिंडर एका फाउंड्रीतून आलं ते कातडीला काचेसारखं कडक होतं. पातळ भाग साच्यात झटकन थंड झाला की असं होतं. दोन टूलची धार गेली. शेवटी ते सिलिंडर घेऊन मी शेजारच्या गावच्या गुऱ्हाळावर गेलो. गुळव्याला आधी काही कळेना. शेवटची काहील उतरल्यावर त्यानं चुलवणातल्या निखाऱ्यांत कास्टिंग सरकवलं, वर राख ओढली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चिमट्यानं काढून दिलं. नंतर ते लोण्यासारखं कापलं गेलं. त्या दिवशी वर्कशॉपला काकवीचा वास येत होता असं बायको म्हणते. मला तो आला नाही.

पिस्टनबद्दल एक ताकीद इथेच देतो, कारण ही चूक हमखास होते. पितळेचा रॉड हाताशी असतो, म्हणून बिडाच्या सिलिंडरात पितळेचा पिस्टन बसवला जातो. तो इतका सुरेख बसवायचा की बोटानं ढकलला तर हवा दाबली जावी. मीही तसाच बसवला होता. इंजिन पंक्चरवाल्याच्या दुकानात नेलं, त्याच्या कॉम्प्रेसरला जोडलं, आणि ते असं फिरलं की रस्त्यावरच्या दोन मोटारसायकली थांबल्या. पंधरा दिवसांनी वाफेवर लावलं तर चौथ्या मिनिटाला जाम. तीन किलो दाबाची वाफ सुमारे 143 अंशांची असते. तेवढ्या उष्णतेत पितळ बिडापेक्षा जास्त फुगतं. 25 मिलिमीटरच्या पिस्टनला हा फरक भरतो मिलिमीटरचे अडीच शतांश. मी मोकळीक ठेवली होती दोन शतांशांची. बिडात बिडाचाच पिस्टन घाला, भांडण मिटेल. हवेवर चाललेलं इंजिन अजून निम्मंच झालेलं असतं.

बॉयलरकडे वळतो. या भागातल्या कुणालाही बॉयलर समजावून सांगायला मला चित्र काढावं लागत नाही. आजीच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मधून उभी नळी, खाली जाळी, जाळीखाली राख, नळीत पेटलेली लाकडं किंवा कोळसा, भोवती पाणी. उभ्या बॉयलरचा आराखडा तोच. पण साम्य तिथेच संपतं, आणि हे मी मुद्दाम ठळक अक्षरांत छापायला सांगितलं होतं : बंबाचं तोंड बंद करून त्यात वाफ धरायची नाही. फूटभर व्यासाच्या बंबाच्या सपाट माथ्यावर एक किलो दाबाला सात क्विंटल रेटा बसतो. तीस किलोच्या गुळाच्या तेवीस ढेपी त्या पत्र्यावर आतून ठेवल्यासारखं. त्यात तोटी कित्येकदा नुसत्या कथलाच्या डागानं बसवलेली असते. कथील-शिशाचा डाग 183 अंशांच्या पुढे पातळ होऊ लागतो, आणि आपली वाफ त्याच्या फार खाली नाही. पाणी संपून पत्रा तापला तर तोटी कुठे जाईल सांगता येत नाही.

म्हणून 100 मिलिमीटर व्यासाची तांब्याची नळी, साच्यावर ठोकून कड वळवलेली बूड-माथ्याची पानं, आणि सगळे सांधे चांदीच्या ब्रेझिंगचे. कड वळवायला तांबटासारखा गुरू नाही. ज्योत शिकायची असेल तर खानापूर-विट्याकडच्या गलाईवाल्याला गाठा. सोनं-चांदी गाळत देशभर पसरलेली ही माणसं दिवाळीला, जत्रेला गावी येतात. तांबं किती तापलंय हे रंगावरून कसं ओळखायचं, ते मला अशाच एकानं अर्ध्या तासात शिकवलं. त्याआधी मी तीन पुस्तकं वाचली होती. सोनाराच्या लहान फुंकणीवर मात्र हे काम होत नाही. तांबं उष्णता पळवतं, सांधा थंडच राहतो. मोठा गॅस बर्नर हवा आणि भोवती विटांचा आडोसा.

कायदा काय म्हणतो, असं विचारणारे असतातच. 1923 च्या बॉयलर कायद्यात 2007 साली झालेल्या दुरुस्तीनं 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेची पात्रं बॉयलरच्या व्याख्येबाहेर ठेवली. आता 2025 चा नवा कायदा आला आहे, तो मुळातून वाचा. आपला बॉयलर जेमतेम दीड-दोन लिटरचा. पण इन्स्पेक्टर येणार नाही याचा अर्थ एवढाच की इन्स्पेक्टरचं काम आपल्यालाच करायचंय. बॉयलर थंड पाण्यानं काठोकाठ भरा, हातपंपानं चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाब द्या आणि काटा हलतो का बघत बसा. पाणी दाबलं जात नाही. सांधा गेला तर धार उडेल, बॉयलर उडणार नाही. ही परीक्षा दर वर्षी.

माझा बॉयलर तयार झाला तेव्हा मी तो साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका बॉयलर अटेंडंटला दाखवायला नेला. आम्ही त्यांना मामा म्हणतो. चाळीस हंगाम त्यांनी आगीसमोर काढलेले. मी पॉलिश केलेलं तांबं, सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर गेज, सगळं दाखवत होतो. त्यांनी चष्मा लावला, बॉयलर एकदा गोल फिरवला आणि विचारलं, "पाणी कुठं दिसतंय, सर?"

गेजग्लास मी लावला होता, पण मागच्या बाजूला, देखणेपणाला बाध येऊ नये म्हणून.

"म्होरं घ्या," म्हणाले. "दाब वाढला तर सेफ्टी बोंबलती. पाणी संपलं तर कोण बोंबलत न्हाई." मग चहा घेतला आणि उसाच्या दरावर बोलले. मी घरी येऊन दोन बुश उकरून काढले, भोकं बुजवली, गेजग्लास पुढे आणला. या पुस्तकातल्या नकाशात तो पुढेच आहे. कुणी शोभेसाठी तो हलवू नये ही विनंती.

पुस्तक कसं वाचायचं याबद्दल थोडं. पहिली पाच प्रकरणं इंजिनाची, पुढची तीन बॉयलरची. दोन्ही एकदम सुरू करू नका. इंजिन हवेवर तासभर विनातक्रार चालेपर्यंत तांब्याचा पैसा खर्चू नका. मापं मिलिमीटरमध्ये आहेत, पण आपल्याकडचा जुना टर्नर अजून सुतात बोलतो, म्हणून जिथे बाहेरून काम करून घ्यायचंय तिथे सूत आणि इंचही दिले आहेत. व्हॉल्व्ह लावण्याचं प्रकरण मी चार वेळा लिहिलं आणि अजूनही ते वाचून समजत नाही. स्टीम चेस्टचं झाकण काढून, फ्लायव्हील हातानं फिरवत, पुस्तक शेजारी उघडं ठेवून वाचलं तरच समजतं. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय 1998 पासून लोकांसाठी खुलं आहे. तिथल्या गाड्या विजेच्या आहेत, पण एक माणूस छंदापायी किती लांब जाऊ शकतो हे बघायला तिकडे एकदा जाऊन या.

छोट्या गाडीचं म्हणाल तर सहाने भागलेला तो कागद मी फाडलेला नाही. दोन-तीन खिळलेली इंजिनं हातून गेली की तोही काढू. टिच खाटेखालून बाकावर आलं आहे आणि त्याचं दुसरं सिलिंडर यंदा पुरं झालं.

पान उलटण्याआधी एक काम करा. सहा इंची स्टीलची पट्टी घेऊन लेथपाशी जा, बेडच्या माथ्यापासून चकच्या मध्यापर्यंत उंची मोजा आणि त्याची दुप्पट करून या पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहून ठेवा. सात इंची फ्लायव्हीलला कमीत कमी 185 मिलिमीटर लागतात. आकडा त्याहून कमी आला तर लेथ बदलू नका, फ्लायव्हील लहान करा. त्याचा पॅटर्न तिसऱ्या प्रकरणात दिला आहे.